चालू घराची वाटणी

दुकानाचा हिशोब, थोरलीच्या लग्नाचे फोटो आणि आबांची भजनं, सगळं माझ्या लॅपटॉपच्या एकाच सी ड्राइव्हमध्ये नांदत होतं. अगदी एकत्र कुटुंब. पुतण्या म्हणाला, "काका, उद्या विंडोज गंडलं तर सगळं धुवून जाईल. त्याच डिस्कची वाटणी करून वेगळा डी ड्राइव्ह काढा की. चालू असतानाच हुतंय, विषयच न्हाई." कोल्हापुरात 'विषयच न्हाई' म्हटलं की खरा विषय तिथूनच सुरू होतो. पन्नाशी उलटली तरी हे माझ्या ध्यानात राहत नाही.

डिस्क 512 जीबीची, पण स्क्रीनवर दिसते 476. विकणारा हजारानं मोजतो, विंडोज 1024 नं. गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर पेला फेसासकट भरतात आणि फेस बसला की दूध दोन बोटं खाली जातं, त्यातलाच प्रकार. असो. तीनशे जीबी मोकळी होती, त्यातली दीडशे डीला द्यायचं ठरवलं.

विंडोजचं डिस्क मॅनेजमेंट उघडलं, सीवर राइट क्लिक केलं, 'श्रिंक व्हॉल्यूम' दाबलं. तिथं जागा एमबीत विचारतात. आपण गुंठ्यात बोलायचं आणि सातबाऱ्यानं आरमध्ये उत्तर द्यायचं, तसं. दीडशे जीबी म्हणजे 1,53,600. पण वरच्या रकान्यात कमी करता येण्याजोगी जागा होती 21,000 आणि काहीतरी. तीनशे जीबी रिकामी पडलीय आणि मिळणार वीस!

"मधी कोणतरी बसलंय," पुतण्या फोनवर म्हणाला. विंडोज जागा काढतं ती शेवटाकडूनच. साध्या फायली ते चालता चालता पुढं सरकवतं. पण पेजफाइल (रॅम कमी पडली की वापरायची जागा), रिस्टोअर पॉइंट (बिघडलं तर मागं जायच्या खुणा), हायबरनेशनची फाइल यांना हात लावत नाही. विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, 259 नंबरची नोंद सापडली. तिच्यात अडून बसलेल्या शेवटच्या फाइलीचं नाव होतं, हायबरफिल डॉट सिस. लॅपटॉप गाढ झोपी जाताना रॅममधलं सगळं ज्यात उतरवून ठेवतो, ती. सहा जीबीची झोप!

मला आज्जा आठवला. आमच्या मंगळवार पेठेतल्या घराची वाटणी झाली तेव्हा सोप्याच्या ऐन मधोमध त्याची बाज होती, आणि बाजेवर तो. मागच्या दोन खोल्या मोकळ्या, पण फीत टाकायची तर म्हातारा उठला पाहिजे. उठवायचं कुणी? आबा काकांकडं बघायचे, काका आबांकडं. चार दिवस गवंडी नुसता चहा पिऊन गेला. पाचव्या दिवशी खासबागेत कुस्त्या होत्या. आज्जा फेटा बांधून बाहेर पडला, आणि दहा मिनिटांत चुन्याची रेघ पडली.

मीही तेच केलं. आधी सगळा डेटा बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवला. यात अख्खी दुपार गेली, आणि खरं शहाणपण एवढंच. डिस्कला कुलूप घालणाऱ्या बिटलॉकरची 48 आकडी किल्ली कॅलेंडरच्या पाठीमागं लिहिली. ती बघून बायको म्हणाली, "एवढा मोठा फोन नंबर कुणाचा?" मग कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, स्लॅश एच, ऑफ, म्हणजे हायबरनेशन बंद. आज्जा खासबागेत गेला. रिस्टोअर पॉइंट ठेवणारं सिस्टीम प्रोटेक्शन बंद केलं, पेजफाइल तात्पुरती काढली, लॅपटॉप रीस्टार्ट केला. आता रकान्यात 1,70,000 च्या वर आकडा!

'श्रिंक' दाबलं. निळं वर्तुळ फिरायला लागलं आणि बाहेर पावसानं जोर धरला. लाईट गेली. पंखा थांबला, वर्तुळ फिरतच होतं. बॅटरी 83 टक्के. जेवायच्या आधीच चार्जर लावून ठेवला होता, ही माझ्या आयुष्यातल्या मोजक्या दूरदृष्टींपैकी एक. "चहा टाकू का?" बायकोनं अंधारातून विचारलं. मी हातानंच थांब म्हणालो, जशी तिच्या गॅस पेटवण्यानं डिस्क हलणार होती.

तीन मिनिटांनी काळी पट्टी उमटली: 150 जीबी, अनअलोकेटेड, म्हणजे अजून कुणाच्याच नावावर नसलेली. क्विक फॉरमॅट मारलं, डी जन्माला आला. "आता टेन्शन न्हाई," पुतण्या म्हणाला. टेन्शन कसं नाही? डी त्याच डिस्कवर आहे. घरात भिंत घातली म्हणून पुराचं पाणी शेजारच्या खोलीत जायचं थांबत नाही, हे पंचगंगेकाठच्या माणसाला वेगळं सांगायला नको. बाहेरची हार्ड डिस्क मी कपाटात वरच्या फळीवर ठेवली.

मग पेजफाइल, प्रोटेक्शन, हायबरनेशन सगळं परत चालू केलं. ती सहा जीबीची झोप आता सीमध्ये कुठं जाऊन टेकलीय, मी बघितलं नाही. आज्जा त्या दिवशी कुस्त्या बघून आला, रेघेकडं एकदा बघितलं, आणि बाज ओढून बरोब्बर तिच्यावर आडवा झाला. आमच्या सोप्यातल्या भिंतीला तिथं अजून वळसा आहे.