तिरका फेकलेला चेंडू सर्वात वर पोचला तरी त्याचा वेग शून्य नसतो

'प्रोजेक्टाइल मोशन (म्हणजे फेकलेल्या वस्तूची गती) पाच ओळींत' हा फॉरवर्ड अकरावीच्या मुलांच्या ग्रुपवर फिरतोय. भाचीने तो वहीच्या पहिल्याच पानावर उतरवून घेतलाय, म्हणून हे लिहितोय. त्यातल्या पाच ओळी अशा: सर्वात वरच्या बिंदूवर वेग आणि त्वरण (वेग बदलण्याचा दर) दोन्ही शून्य, हाताचा जोर संपला की वस्तू खाली येते, आडवी फेकलेली वस्तू नुसत्या सोडलेल्या वस्तूपेक्षा उशिरा पडते, पल्ल्याचं (वस्तू किती लांब पडते त्याचं) एकच सूत्र सगळीकडे चालतं, आणि 45 अंशाला पल्ला सर्वात जास्त.

सगळ्यात घातक आहे ती पहिली ओळ. चेंडू 20 मीटर प्रति सेकंद वेगाने, जमिनीशी 60 अंशाचा कोन करून फेकला असं धरा. वेगाचा आडवा घटक 10, उभा घटक 17.3. उभ्या घटकातून गुरुत्व दर सेकंदाला 9.8 कमी करतं, म्हणून 1.77 सेकंदांनी तो शून्य होतो आणि चेंडू 15.3 मीटर उंचीवर असतो. आडव्या घटकाला मात्र कोणीच हात लावलेला नाही. तो 10 होता, 10 च राहिला. चेंडू आणखी 1.77 सेकंद पुढे जात राहतो आणि 35.3 मीटरवर पडतो. वर वेग खरोखर शून्य झाला असता, तर तो तिथून सरळ खाली, निम्म्याच अंतरावर, 17.7 मीटरवर पडला असता. असा पडणारा चेंडू कोणी पाहिलाय का? आणि त्वरणही शून्य मानलं तर तो खालीसुद्धा येणार नाही, हवेतच लटकून राहील!

ही चूक येते कुठून तेही सांगतो. सरळ वर फेकलेल्या चेंडूचा वेग वर क्षणभर शून्य होतो. तेच वाक्य तिरक्या फेकीला चिकटवलं जातं. त्वरण तर सरळ फेकीतही शून्य होत नाही. पूर्ण वेळ 9.8 च, खालच्या दिशेला. परीक्षेत या ओळीचा फटका बसतो तो वरच्या बिंदूवरची गतिज ऊर्जा (वेगामुळे असलेली ऊर्जा) विचारली की. मुलं शून्य लिहून मोकळी होतात. वरच्या उदाहरणात वेग 20 वरून 10 झालाय आणि ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलते, म्हणजे ती सुरुवातीच्या एक चतुर्थांश उरते.

दुसरी ओळ याच गैरसमजाची बहीण. चेंडू हातातून सुटला की हाताचं बल संपलं. पुढे जायला बल लागत नाही, वेग बदलायला लागतं. बलाच्या आकृतीत, हवा सोडून दिली तर, एकच बाण काढायचा: वजनाचा, खाली. पुढच्या दिशेने बाण काढला की पुढचं गणित चुकलंच म्हणून समजा.

तिसऱ्या ओळीचं उत्तर गॅलिलिओने 1638 सालीच देऊन ठेवलंय. 'दोन नवी विज्ञाने' या संवादांच्या चौथ्या दिवसात तो आडवी एकसमान गती आणि खाली वाढत जाणारी गती एकत्र करतो. दोन्ही एकमेकींना अडवत नाहीत, आणि त्यातूनच पॅराबोला हा वक्र मार्ग तयार होतो. करून बघायचं असेल तर दोन नाणी आणि एक पट्टी पुरे. पट्टी टेबलाच्या कडेवर तिरकी ठेवा, एक टोक बाहेर. त्या टोकावर एक नाणं; दुसरं टेबलावर, पट्टी आणि कड यांच्या बेचक्यात. आतलं टोक बोटाने दाबून पट्टीला कडेच्या दिशेने झटकन टिचकी मारा. एक नाणं सरळ खाली पडतं, दुसरं लांब उडतं, पण आवाज एकच येतो. टेबल 75 सेंटिमीटर उंच असेल तर दोघांनाही सुमारे 0.39 सेकंद लागतात. टिचकी हळू बसली तर पहिलं नाणं पट्टीबरोबर ओढलं जातं. पट्टी वर उचलली गेली तर आवाज दोन येतात. तेव्हा पट्टी सपाटच फिरली पाहिजे.

पल्ल्याचं सूत्र, u² sin2θ / g (u फेकीचा वेग, θ जमिनीशी कोन, g गुरुत्वाचं त्वरण 9.8), फक्त फेक आणि पतन एकाच पातळीवर असेल तरच चालतं. 20 मीटर उंच गच्चीवरून 10 च्या वेगाने आडवा फेकलेला चेंडू घ्या. कोन शून्य, म्हणून सूत्र पल्ला शून्य देतं; प्रत्यक्षात तो सुमारे 20 मीटरवर पडतो. त्यापेक्षा वहीत दोन रकाने आखा, आडवा आणि उभा. दोन्हींत सामाईक फक्त वेळ. वेळ उभ्या रकान्यातून काढायची, अंतर आडव्यातून.

45 अंशाची ओळ अर्धी खरी आहे, तेवढं मान्य करावं लागेल: सपाट जमीन, हवेचा अडथळा नाही, वेग ठरलेला. गोळाफेकीत गोळा 2.1 मीटर उंचीवरून 14 च्या वेगाने सुटला तर सर्वोत्तम कोन 42 अंशांच्या आसपास येतो. प्रत्यक्षात खेळाडू त्याहूनही कमी कोन ठेवतात, कारण कोन वाढवला की हाताला तेवढा वेग देता येत नाही.