आता आपल्याला कशाला एवढा खर्च?

मागच्या श्रावणातली गोष्ट. सोमवार होता. पहाटे साडेपाचला आमची ही आंघोळीला गेली आणि पाचेक मिनिटांत आतून धपकन आवाज आला. मी धावलो, पण दार उघडेना. आमच्या मोरीचं दार आत उघडणारं आणि ही नेमकी दाराला टेकूनच पडलेली. "अहो, ढकलू नका, हात अडकलाय," एवढंच तिला बोलता आलं. इंच इंच सरकत तिने स्वतःच दाराला वाट करून दिली, त्यात वीस मिनिटं गेली. उजवं मनगट मोडलं होतं. डाव्या हातात टॉवेलचा दांडा तसाच घट्ट धरलेला, स्क्रू आणि प्लास्टरच्या ढपल्यासकट. तोल गेल्यावर हाताला तोच लागला आणि तो भिंतीतून उपटून आला.

सहा आठवडे प्लास्टर होतं. वरच्या मजल्यावरची धाकटी जाऊ रोज येऊन तिला आंघोळ घालायची. अगदी मायेनं घालायची, कधी कंटाळली नाही. पण पहिल्या दिवशी आंघोळ करून बाहेर आल्यावर ही पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून राहिली ती दुपारपर्यंत उठली नाही. चहा नको, बोलणं नको. बेचाळीस वर्षांच्या संसारात तिला असं मी पाहिलेलं नव्हतं. त्या दुपारी मी ठरवलं की ही मोरी पाडायची.

आणि गंमत नाही, खरंच सांगतो, पहिला विरोध तिचाच. "आता आपल्याला कशाला एवढा खर्च? किती दिवस राहिलेत?" हे वाक्य मी आमच्या पिढीच्या प्रत्येक घरात ऐकलंय. लेकाच्या लग्नाच्या वेळी आम्ही पुढच्या खोलीला पीओपी करून घेतलं, नवं गेट बसवलं, लाखाच्या वर गेले. तेव्हा कशाला म्हणून कुणी विचारलं नाही. ज्या जागेत आपण रोज ओल्या पायाने उभे राहतो, तिथे पैसा घालायची वेळ आली की मात्र आपलं वय आठवतं. हे मला पटत नाही. वय झालंय म्हणूनच तर तो खर्च आधी करायचा. जागतिक आरोग्य संघटनाही सांगते की जगभरात अपघाती मृत्यूंचं दुसरं मोठं कारण म्हणजे पडणं, आणि पडून दगावणाऱ्यांत साठी ओलांडलेले सगळ्यांत जास्त.

आमचं घर सोलापुरात, साखर पेठेत, वडिलांच्या वेळचं. एका बाजूला दगड-मातीची भिंत, बाकी विटांचं काम. मोरी चार बाय चारची, तिला लागून चार बाय तीनचा संडास, मध्ये साडेचार इंची भिंत. खाली शहाबादी फरशी. शहाबाद आपल्याच रेल्वेलाईनवर, गुलबर्ग्याच्या पुढे, म्हणून सोलापूरच्या जुन्या घरांत मोरीपासून अंगणापर्यंत तीच फरशी दिसेल. चांगली फरशी आहे, उन्हाळ्यात पायाला गार लागते. पण तो चुनखडीचा दगड. आपल्याकडे बोअरचं पाणी जड, साबणाचा फेस होत नाही, त्याचा पांढरा चिकट थर बसतो. तो काढायला आपण बाटलीतलं ॲसिड ओततो. ओतलं की फरशीवर फसफस करून बुडबुडे येतात आणि आपल्याला वाटतं घाण निघतेय. निघत असते ती फरशीच. चुनखडीला आम्ल खातं, सांध्यातल्या सिमेंटलाही खातं. दहा-बारा वर्षं दर महिन्याला आम्ही हेच केलं. सांधे पोकळ झाले, मधे खळगे पडले, खळग्यात पाणी साचायचं आणि त्यावर शेवाळ धरायचं. ही घसरली ती त्या शेवाळावरच.

दुसरी गोष्ट सोलापूरकराला वेगळी सांगायला नको. पाणी. उजनी भरली की 117 टीएमसीचे आकडे आपण कौतुकाने वाचतो, पण आमच्या भागात नळ चार दिवसांआड. म्हणजे घरात साठवण हवीच. आमच्या मोरीत दोनशे लिटरचं एक बॅरल, शेजारी दोन बादल्या आणि घागर. सोळा चौरस फुटांतली तीन-चार फूट जागा पाण्यानेच धरलेली. उरलेल्या जागेत पाटावर बसून आंघोळ. पाट जमिनीपासून तीन इंच. पासष्टीनंतर तिथून उठताना धरायला काय, तर बॅरलची कड.

तर ठरवलं. हातात एक एफडी होती, 75 हजारांची. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात 31 वर्षं हिशेब लिहिले, त्यामुळे वही घेऊन बसलो. काम गड्ड्याची यात्रा झाल्यावर फेब्रुवारीत काढलं, कारण उन्हाळ्यात पाण्याची ओढ असते आणि पावसाळ्यात काही वाळत नाही.

सगळ्यांत मोठी बचत एका निर्णयाने झाली: मैल्याची लाईन जागची हलवायची नाही. आधी आलेला एक ठेकेदार कमोड उलट्या बाजूला घ्या, छान दिसेल म्हणत होता. त्यात चेंबरपर्यंत सगळं खोदावं लागलं असतं, आणि त्याचा आकडा होता दीड लाख. आम्ही ओळखीचे मिस्त्री बोलावले, रोजावर. गवंडी हजार, बिगारी साडेसहाशे. मधली साडेचार इंची भिंत पाडली, तिच्यावर कसलाच भार नव्हता हे मिस्त्रींनी आधी पाहून घेतलं. जुनं भांडं काढून त्याच लाईनवर कमोड बसवला. दोन कोंडवाड्यांची एक चार बाय सव्वासातची खोली झाली. आता वेळ आली तर धरायला दुसरं माणूस आत उभं राहू शकतं.

दांड्यांबद्दल नीट सांगतो, कारण इथेच बहुतेक जण चुकतात. टाईल्स लागल्यावर, सगळं झाल्यावर, लोक बाजारातून दांडा आणतात आणि प्लास्टिकचा गट्टू ठोकून बसवतात. तो टॉवेलचा भार घेतो, माणसाचा नाही. दांडे कुठे येणार हे भिंत उघडी असतानाच ठरवायला हवं. मी हिला खुर्चीवर बसवलं आणि म्हटलं, आता ऊठ, आणि हात आपोआप कुठे जातो ते सांग. तिथे खडूने खूण केली. मग आंघोळीच्या जागी, मग दारात. तीन खुणा. दाराजवळची जमिनीपासून 34 इंचांवर आली. कमोडजवळची खूण नेमकी दगड-मातीच्या भिंतीवर. मिस्त्रींनी तिथे ड्रिल लावून पाहिलं तर नुसती माती गळायला लागली. म्हणाले, "काका, ह्या भिंतीला दम न्हाई. बोल्ट काय धरणार ह्यात?" मग त्यांनी दोन ठिकाणी भिंत वीतभर कोरली, आत काँक्रीटचे ठोकळे भरले, चार दिवस पाणी मारलं आणि त्यावर टाईल्स लावल्या. बोल्ट त्या ठोकळ्यात आहेत. बसवून झाल्यावर मिस्त्री स्वतः, चांगले ऐंशी किलोचे गृहस्थ, त्या दांड्याला लोंबकळले. स्टेनलेस स्टीलचे तीन दांडे, 2700 रुपये. 73 हजारांच्या कामात सगळ्यांत मोलाचा खर्च हाच.

कमोडची उंची हीसुद्धा विकत घ्यायची गोष्ट नाही. दुकानातले साधे कमोड पंधरा-सोळा इंचांचे, गुडघे दुखणाऱ्याला ते खोल पडतात. उंच कमोड महाग होता. मिस्त्रींनी खाली दोन इंचांचा ओटा बांधून त्यावर साधाच बसवला. ही ज्या खुर्चीवरून सहज उठते ती मोजून आम्ही उंची धरली होती, अठरा इंच.

खाली एक फूट बाय एक फुटाच्या खरखरीत, मॅट टाईल्स. दुकानदार चकचकीत दाखवत होता. मी तिथेच टाईलवर पाणी ओतलं, चप्पल काढली आणि उभा राहिलो. दुकानात चार लोक बघत होते. बघू देत. लहान टाईलचा आणखी एक फायदा म्हणजे सांधे जास्त, पायाला पकड मिळते, आणि चारी बाजूंनी ढाळ काढणं सोपं जातं. ढाळ फुटाला दीड सूत धरला (आठ सूत म्हणजे एक इंच). भिंतींना मात्र लॉटमधला माल घेतला, दोन वेगळे रंग आहेत, आणि आंघोळीची बाजू सोडली तर चार फुटांच्या वर नुसता रंग. भिंतीवर कुणी घसरत नाही.

एका बाबतीत मिस्त्रींशी वाजलं. वॉटरप्रूफिंग झाल्यावर, टाईल्स लावायच्या आधी, ट्रॅप, म्हणजे खालचं पाणी जायचं तोंड, बुजवून दोन इंच पाणी दोन दिवस भरून ठेवायचं असतं. ते म्हणाले, "काका, प्यायला पानी न्हाई आन् तुमी जमिनीवर ओतताव?" त्यांचंही चूक नव्हतं. दीडशे लिटर पाणी लागतं त्याला. आम्ही दोन दिवस कपड्यांचं शेवटचं पाणी साठवून तेच ओतलं. भिंतीवर पेन्सिलने रेघ मारली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी रेघेच्या चांगलं बोटभर खाली. जिथे मधली भिंत पाडली होती, त्या सांध्यातूनच जिरत होतं. तो भाग पुन्हा खरवडून केला. तेव्हा कळलं नसतं तर वर्षभरात ओल पुढच्या खोलीत आली असती आणि सगळ्या टाईल्स पुन्हा फोडाव्या लागल्या असत्या.

बॅरल गेलं. गच्चीवर जास्तीची टाकी बसवली, ती या 73 हजारांत नाही, आधीच्या दिवाळीत घेतली होती. आता ही प्लास्टिकच्या भक्कम खुर्चीवर बसते, पायांना रबरी बूच, हातात हँड शॉवर. मार्चपासून दुपारी गच्चीवरचं पाणी इतकं तापतं की हात लावून पाहिल्याशिवाय अंगावर घेऊ नये, म्हणून उन्हाळ्यात आंघोळी सकाळीच. गॅसचा गिझर आत होता तो बाहेर काढला. बंद मोरीत त्याच्या ज्वाळेने कार्बन मोनॉक्साईड साठतो, त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि माणूस बसल्या जागी बेशुद्ध पडतो. ज्यांच्याकडे अजून आत आहे त्यांनी कृपा करून आजच बघा. लाईट नवीन केली आणि सोबत ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज आपोआप तोडणारा स्विच, लावून घेतला.

दार बाहेर उघडणारं, चोवीस इंचांचं तीस इंची केलं, आणि कडी अशी की बाहेरून नाण्याने फिरवता येते. पाच इंचांचा उंबरा काढला, आता अर्ध्या इंचाची उतरती पट्टी आहे. दारासमोर आपण सोलापूरकर सवयीने जुना टॉवेल पसरतो. घरात टॉवेलला तोटा नसतो. पण गुळगुळीत फरशीवर तो पायासकट पुढे जातो. आमच्याकडे आता तिथे खालून रबर असलेलं पायपुसणं आहे, आणि टॉवेल त्याच्या जागी, खुंटीला.

लेक पुण्याहून फोनवर म्हणाला होता, "बाबा, दोन वर्षांत तुम्हाला इकडे यायचंच आहे, कशाला पैसे घालता?" त्याचं म्हणणं काळजीपोटीच आहे. मी त्याला म्हटलं, दोन वर्षं म्हणजे सातशे तीस आंघोळी, तिच्या सातशे तीस आणि माझ्या सातशे तीस. आणि पुण्याला आलो तरी तुझ्या बाथरूमची फरशी मी आधी बघणार आहे. तो गप्प राहिला, मग म्हणाला, "दांडे कुठे मिळाले ते पाठवा." त्याच्या सासूबाईंचे गुडघे दुखतात.

काम झाल्यावर पहिल्या दिवशी ही आत गेली आणि आतून कडी लावल्याचा आवाज आला. मी बाहेर चटईवर बसून होतो. चांगली अर्धा तास न्हायली. बाहेर आली ती केस पुसत, आणि विचारलं काय, तर "अहो, आरसा थोडा खाली घेता येईल का?"

येत्या शनिवारी अक्कलकोटला थोरल्या बहिणीकडे चाललोय. ताई 74 वर्षांची, एकटी राहते. तिच्या मोरीचा उंबरा सात इंचांचा आहे आणि तीही हेच म्हणते, आता मला कशाला. मिस्त्री सोबत येणार आहेत. पिशवीत टेप आणि खडू टाकून ठेवलाय.