भांडण तीन पेनींचं होतं का? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धावरच्या माझ्या लेखाला तुम्ही चांगलंच झोडपलंत. पण झोडपण्याआधी लेख पुरता वाचलात हे दिसतंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : बोस्टनच्या तस्कर व्यापाऱ्यांनी चहावरच्या तीन पेनींच्या करापायी बंड केलं, त्याला स्वातंत्र्याचा मुलामा दिला, राजा गेला आणि त्याच्या गादीवर हे शेठजी बसले. गुलाम होते तिथेच राहिले. शिवाय आपला चहा ईस्ट इंडिया कंपनीने तिकडे नेऊन विकला, त्याबद्दल मी चकार शब्द काढला नाही.

चहाचं आधी उरकतो. तो चहा आपला नव्हताच, चीनमधल्या कँटनचा होता. आसामातले मळे पुढच्या शतकातले. आपला संबंध येतो तो वेगळ्या वाटेने. १७७० च्या दुष्काळात बंगाल उजाड झाला, कंपनी कर्जात बुडाली आणि लंडनच्या गोदामांत चहा पडून राहिला. १७७३ साली पार्लमेंटने कंपनीला वाचवायला कर्ज दिलं आणि त्याच वर्षी दोन कायदे केले. चहाच्या कायद्याने कंपनीला अमेरिकेत थेट माल विकायची मोकळीक मिळाली. रेग्युलेटिंग अ‍ॅक्टने लढाई-तहाच्या बाबतीत मुंबईकर इंग्रजांना कलकत्त्याच्या हाताखाली घातलं. मुंबईने राघोबादादांशी परस्पर सुरतेचा तह केला, तो कलकत्त्याने उडवून लावला आणि पुण्याशी पुरंदरचा तह केला, तो घोळ या दुसऱ्या कायद्यातला. असो, हा विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

आता तस्करांकडे येतो. इथे तुमच्या म्हणण्यात दम आहे. नव्या कायद्याने बोस्टनमध्ये चहा महाग झाला नाही, स्वस्त झाला. कंपनीचा माल करासकट स्वस्त पडू लागला तर चोरून आणलेला डच चहा विकत कोण घेणार? बोस्टनचा बडा व्यापारी आणि बंडाचा पुढारी जॉन हॅन्कॉक, त्याचं ‘लिबर्टी’ नावाचं गलबत १७६८ साली कस्टमवाल्यांनी जप्त केलं होतं. हा गृहस्थ काही धुतल्या तांदळासारखा नव्हता. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री कंपनीच्या चहाच्या ३४२ पेट्या बंडखोरांनी बोस्टन बंदराच्या पाण्यात रिकाम्या केल्या, त्यात कोणाकोणाचे हितसंबंध होते हे विचारायलाच हवं.

पण मग वूस्टरचं काय करायचं? हे गाव बोस्टनपासून चाळीसेक मैल आत, शेतकऱ्यांचं. तिथे ना बंदर, ना तस्करी. चहाच्या नासाडीची शिक्षा म्हणून १७७४ मध्ये लंडनने बोस्टन बंदर बंद केलं, तोवर हे लोक फार तर हळहळले असतील. त्याच्या जोडीला दुसरा कायदा आला आणि त्याने बोस्टन आणि वूस्टर ज्या वसाहतीत होते त्या मॅसॅच्युसेट्सची कारभाराची सनदच बदलली. वरिष्ठ मंडळ आजवर निवडलं जायचं, ते आता राजा नेमणार. न्यायाधीश आणि शेरीफ गव्हर्नर नेमणार, ज्युरी शेरीफ निवडणार. वर्षातल्या ठरावीक सभेखेरीज गावसभा भरवायची तर गव्हर्नरची परवानगी घ्यायची. ज्या कोर्टात कर्जापायी जमीन जप्त व्हायची, ते कोर्ट आता सर्वस्वी वरून नेमलेल्यांचं झालं.

६ सप्टेंबर १७७४ ला कोर्टाचं सत्र सुरू व्हायचं होतं. आसपासच्या गावांतून साडेचार हजारांवर माणसं आली आणि आपापल्या गावाच्या तुकडीने हमरस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभी राहिली. न्यायाधीश आणि इतर अधिकारी टोप्या हातात घेऊन मधून चालत गेले. या कायद्याखाली काम करणार नाही, असं त्यांना दर थोड्या अंतरावर वाचून दाखवावं लागलं, मागच्यांना ऐकू गेलं पाहिजे ना! तीसेक वेळा वाचलं म्हणतात. गोळी सुटली नाही, पण राजाचा अंमल त्या जिल्ह्यातून त्या दिवशी उठला. युद्धाची पहिली चकमक, लेक्सिंग्टनची, व्हायला अजून सात महिने होते, फिलाडेल्फियातला स्वातंत्र्याचा जाहीरनामा तर १७७६ चा.

म्हणून मी म्हणतो, भांडण कर किती याचं नव्हतं, ठरवणार कोण याचं होतं. व्यापाऱ्यांचा स्वार्थ त्यात मिसळलेला होता, पण तेवढ्यावर साडेचार हजार शेतकरी भर हंगामात रस्त्यावर येत नाहीत.

गुलामगिरीबद्दल आपल्यात वाद नाही. उलट तुमच्या बाजूने भर घालतो : नोव्हेंबर १७७५ मध्ये व्हर्जिनियाच्या इंग्रज गव्हर्नरने, लॉर्ड डनमोरने, बंडखोरांच्या गुलामांनी आपल्याकडून शस्त्र उचललं तर त्यांना मुक्त करू असं जाहीर केलं, आणि कुंपणावर बसलेले कित्येक मळेवाले तडक बंडखोरांना जाऊन मिळाले. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या जेफरसनने लिहिलेल्या मसुद्यातलं गुलामांच्या व्यापाराविरुद्धचं कलम काँग्रेसने, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, गाळलं. १७८७ च्या राज्यघटनेने तर १८०८ पर्यंत त्या व्यापाराला हात लावायचा नाही असंच लिहून ठेवलं.

राहिला शेठजींचा मुद्दा. इंग्लंडशी १७८३ मध्ये तह होऊन युद्ध संपलं, त्यानंतर हाती राष्ट्र कसलं, तेरा संस्थानांची मोट आली. काँग्रेसला कर बसवायचा अधिकार नाही. आयातीवर पाच टक्के जकात घ्यायची म्हटली तर एकट्या ऱ्होड आयलंडने मोडता घातला. युद्धाची कर्जं फेडायला मॅसॅच्युसेट्सने शेतकऱ्यांवर कर लादले, तेही रोख नाण्यांत. सप्टेंबर १७८६ मध्ये त्याच वूस्टरचं कोर्ट शेतकऱ्यांनी पुन्हा अडवलं. संगिनींसमोर उभे होते न्यायाधीश आर्टेमस वॉर्ड. वॉशिंग्टन येण्याआधी बोस्टनला वेढा घालणाऱ्या बंडखोर फौजेचे सेनापती तेच! गव्हर्नर बोडिन यांनी व्यापाऱ्यांकडून वर्गणी गोळा करून फौज उभी केली आणि बंड चिरडलं. इथवर तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं.

पण पुढच्याच वसंतात निवडणूक होती. मत फक्त मालमत्ता असलेल्या पुरुषांना होतं, तरीही बोडिन सपाटून पडले. नव्या विधिमंडळाने करांचा बोजा हलका केला, बहुतेक बंडखोरांना माफी मिळाली. आणि या शेतकऱ्यांच्या मतांवर गव्हर्नर म्हणून निवडून आलं कोण, तर तुमचा तो तस्कर, जॉन हॅन्कॉक.