दयाचा दरवाजा खोटा, मग लास वेगासची लॅब खरी कशी?

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर माझ्या दोन चुलतभावांची चांगलीच जुंपली, आणि विषय काय तर सीआयडी. धाकटा म्हणे सगळा पोरखेळ आहे, दयाने लाथ मारली की दार पडतं, डॉक्टर साळुंखे टेस्ट ट्यूब हलवतात की खुनी कळतो, त्यापेक्षा बाहेरच्या सिरीज बघा, त्यात सगळं खरं दाखवतात, आणि मग मलाच साक्षीला ओढलं, दादा तू इंग्लंडला राहतोस तूच सांग. बारा वर्षं झाली मला लेस्टरला, तर सांगतो, पण त्याला आवडेल असं नाही.

सीआयडी १९९८ ला सुरू झाली आणि २०१८ पर्यंत वीस वर्षं चालली. तापीकाठच्या आमच्या गावात भारनियमन असलं की ज्या आळीत लाइट तिथे जाऊन आम्ही ती बघायचो. पण पोलीस ठाण्यात असंच चालतं असं कोणीच मानत नव्हतं, आजी तर मुळीच नाही, तिचा मुलगा म्हणजे माझे मामा पोलिसात होते. उलट अमेरिकेची सीएसआय बघा, २००० साली आलेली, लास वेगासची. त्यात तीच माणसं जागेवर जाऊन नमुने उचलतात, तीच यंत्रावर बसतात आणि तीच संशयिताची चौकशी करतात. प्रत्यक्षात ही वेगवेगळ्या लोकांची कामं आहेत आणि तशीच असायला हवीत, कारण पोलिसांना संशय कोणावर आहे हे टेस्ट करणाऱ्याला जितकं कमी माहीत तितकं बरं. पण यंत्रं चकचकीत, कोणी आरडाओरडा करत नाही, म्हणून आपल्याला ते खरं वाटतं, आणि मला याचीच जास्त काळजी वाटते.

मी राहतो त्याच लेस्टरच्या विद्यापीठात १९८४ साली ॲलेक जेफ्रीज यांनी डीएनए फिंगरप्रिंटिंग, म्हणजे डीएनएवरून माणूस ओळखायची पद्धत, शोधलं. जवळच्या गावांत १९८३ आणि १९८६ मध्ये पंधरा वर्षांच्या दोन मुलींचे खून झाले होते, त्यातल्या एका खुनाची सतरा वर्षांच्या एका पोराने कबुलीही दिली होती, आणि डीएनएने दाखवून दिलं की हा तो नाहीच. म्हणजे या शास्त्राने आधी निर्दोष पोराला सोडवलं. मग पोलिसांनी आसपासच्या पाचेक हजार पुरुषांचे नमुने घेतले, महिनोन्महिने टेस्ट चालल्या, आणि एकही जुळला नाही, कारण खुन्याने आपल्या नावावर कामावरच्या सोबत्याला रक्त द्यायला पाठवलं होतं. ते तो सोबती पबमध्ये बोलून गेला, ऐकणाऱ्यांपैकी एका बाईने पोलिसांना कळवलं, तेव्हा कुठे १९८७ मध्ये माणूस सापडला. मामांना हे सांगितलं तर ते एवढंच म्हणाले, "म्हंजे खबऱ्याच लागना ना."

मला इथे ज्युरी ड्यूटी पण आली होती, म्हणजे खटला ऐकून दोषी की निर्दोष ते ठरवायला सामान्य माणसांना बोलावतात ती. आत बारा जण काय बोललो ते सांगता येत नाही, कायदा आहे, पण उघड कोर्टात जे झालं ते सांगतो. अख्खी एक दुपार एका प्लॅस्टिकच्या पिशवीवर गेली, ती कोणी सील केली, नंबर काय, कोणाच्या हातातून कोणाकडे गेली, मधल्या दोन दिवसांत ती कुठे होती. मला सारखे मामाच आठवत होते. नोकरीची शेवटची काही वर्षं ते मुद्देमाल कारकून होते, म्हणजे जप्त केलेल्या वस्तू सांभाळणारे, लाखेचं सील, लेबलावर पंचांच्या सह्या, रजिस्टरला नोंद, आणि म्हणायचे, "भो, सील तुटनं का केस गयी." लेस्टरच्या कोर्टात तो बॅरिस्टर तासभर हेच तर सांगत होता.

म्हणून धाकट्याला म्हटलं, गावाकडे बघ. आता १ जुलै २०२४ पासून नवीन कायदा आलाय, सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फोरेन्सिकच्या माणसाने जागेवर जायचं, राज्यांना त्यासाठी पाच वर्षांपर्यंत मुदत दिलीय. चांगलं आहे, व्हायलाच पाहिजे. पण यंदा त्याच्याच शेतात कोणीतरी रात्रीतून केळीची उभी झाडं कापून टाकली, निसवलेली, घड लागलेली झाडं, वर्षभराची मेहनत गेली, तेव्हा हा पठ्ठ्या हवालदाराला बोटांचे ठसे का घेत नाही म्हणून भांडत बसला आणि समोर लिहिलेला पंचनामा न वाचता त्यावर सही करून मोकळा झाला. कोर्टात पुढे जो कागद बोलणार तोच वाचला नाही.

कॉल संपायच्या आधी त्याच्याकडून कबूल करून घेतलं की प्रत आणशील. बुधवारी आणली. पंचनाम्यात झाडं २१० लिहिलीत, त्याने मोजलेली २४०. आता मामा आणि तो दोघं मिळून तालुक्याला अर्ज घेऊन जाणार आहेत, बुंधे अजून शेतात आहेत तोवर.