शेतीला लागलेल्या मित्राकडे पाहुणे म्हणून कसं जावं

तुमचा एखादा मित्र पुण्यातली चांगली नोकरी सोडून बायकामुलांसह कोकणात जाऊन राहिलाय? मग तुम्हाला फुकटचं रिसॉर्ट मिळालं म्हणायचं. त्याचा वापर कसा करावा हे मला नुकतंच कळलंय. मे महिन्यात आमच्याकडे या विषयातले तज्ज्ञ येऊन गेले.

जायचं ते मेमध्येच. विहीर तेव्हा तळाला गेलेली असते. पंप लावून पोरांना अंगणात मनसोक्त भिजू द्या. कलमांचं काय, ती पावसात पितील.

आधी कळवू नका. महामार्गाचं सांगता येतं का काही? रात्री साडेदहाला उतरून "वहिनी, जास्त काही करू नका हां, साधं चुलीवरचं पिठलं-भाकरी चालेल" म्हणा. (आमच्याकडे रोजचा स्वयंपाक गॅसवर होतो हे ऐकून पाहुण्यांचे चेहरे असे पडले की शेवटी मी न्हाणीच्या चुलीवर भाकऱ्या भाजल्या.)

माकडं आली की त्यांना केळी द्या.

"आमच्यासाठी पण दोन गुंठे बघून ठेव रे" हे जेवताना म्हणायचं असतं. शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, हे १९४८च्या कुळकायद्यात लिहिलंय. पण मग मित्र कशासाठी असतो?

"तुम्हाला इथे पैसे लागतातच कुठे?" हेही विचारा. राजीनाम्याबरोबर कंपनीचा विमा गेला, आता चौघांचा हप्ता भरतो त्या महिन्यात तेलसुद्धा मोजून वापरतो, असलं काही तो सांगू लागला तर लगेच विषय बदला.

आणि तांदूळ. तांदूळ न्यायलाच हवेत, शिवाय "घरचेच ना, मग कसले पैसे?" असं हसत हसत म्हणायला हवं. घरचेच आहेत. पावसाआधी पालापाचोळा जाळून जमिनीची भाजावळ, जूनमध्ये तरवा म्हणजे भाताची रोपं, जुलैत गुडघाभर चिखलात दिवसभर वाकून लावणी, मग तण काढायची बेणणी. मजुरीला माणूस मिळत नाही, मिळाला तर त्याच्या सवडीने. दाणा भरू लागला की रात्री रानडुकरं. कापून आडवं केलेलं भात परतीच्या पावसात भिजतं, लोंबीला कोंब फुटतात आणि पंचनाम्यासाठी तलाठ्याची वाट बघत बसायचं. वाचलं तेवढं झोडा, वाळवा, गिरणीवर न्या. १०० किलो भाताचे हातात येतात ६५ किलोच्या आसपास तांदूळ. त्यातले वर्षभर आमचे खायचे बाजूला काढले की जे उरतात त्यावर वह्या-पुस्तकं आणि एसटीचा पास. आणि तुम्ही दहा किलोची पिशवी डिकीत टाकून वर मलाच सांगता, "वहिनी, आमच्याकडे सुपरमार्केटात साठने मिळतात"? मग तिथून घ्या ना! तिथल्या पोराशी घातली असती का हुज्जत? टोलनाक्यावर घातलीत? की मित्राच्या बायकोपुढेच तेवढा हिशेब सुचतो?

असो. सल्ले देत होते.

निघताना सासूबाई ऐकतील एवढ्या आवाजात "एवढं शिकून शेवटी शेणच काढायचं होतं तर..." म्हणा आणि वाक्य अर्धवट सोडा. गाडीत बसल्यावर "नशीबवान आहात, कसलं टेन्शन नाही" म्हणा.

नाही, आता सरळच बोलते. रात्री अकराचे कॉल, सुट्टीत लॅपटॉप, जेवणाच्या ताटावर फोन, हे नको झालं म्हणून आम्ही निघालो. कमी पैशात राहायचं हे कागदावर हिशेब मांडून ठरवलंय. त्या हिशेबात तुमचं चुलीवरचं जेवण, तुमच्या पोरांची आंघोळ आणि डिकीतली पिशवी कुठेच धरलेली नाही. यायचं तर फोन करून या, पाणी जपून वापरा, न्याल त्याचे पैसे द्या. एवढी साधी रीत तुम्हाला शिकवायला लागते याची लाज वाटायला हवी.

आणि तो व्हिडिओ. माझी मुलगी गोठ्यात शेण भरत होती. जुना फ्रॉक, केस विस्कटलेले. तिला न विचारता तुम्ही तिला मोबाइलमध्ये घेतलंत आणि खाली बासरी लावून वर "साधेपणातलं सुख" लिहिलंत. शाळा सुरू झाल्यापासून वर्गातली पोरं तिला बघितलं की तोंडाने बासरी वाजवतात. काढून टाका म्हणून सांगितलं, तर तुमच्याकडून हात जोडल्याचं चित्र आलं. हात नंतर जोडा. आधी तो व्हिडिओ काढा.