सेंट पिएर आणि मिकेलॉन: कुणी विसरलं म्हणून फ्रेंच राहिलेली बेटं नव्हेत

कॅनडाच्या नकाशावर लाल वर्तुळ आणि खाली मजकूर: "करार लिहिताना इंग्रज ही बेटं विसरले, म्हणून ती अजून फ्रान्सची. दारूच्या तस्करीवर उभी राहिलेली वस्ती. समुद्र कॅनडाचाच, माणसंही नावापुरतीच फ्रेंच." सेंट पिएर आणि मिकेलॉनबद्दलचा हा मजकूर ग्रुपांमधून फिरतो आहे. कॅनडाच्या पूर्व टोकाच्या न्यूफाउंडलंड बेटापासून सुमारे २५ किलोमीटरवरची, जेमतेम सहा हजार माणसांची ही बेटं. त्यांच्याबद्दलचं यातलं एकही विधान टिकत नाही, आणि प्रत्येक विधान तिथल्या लोकांच्या कष्टांवर बोळा फिरवतं.

"इंग्रज विसरले." १७६३चा पॅरिसचा करार उघडून बघा. त्याच्या सहाव्या कलमात दोन्ही बेटांची नावं आहेत. १७१३पासून ती इंग्रजांकडेच होती. फ्रान्सने कॅनडा सोडला, पण कॉड मासेमारी सोडायला तो तयार नव्हता. म्हणून फ्रेंच मच्छीमारांना आसरा म्हणून इंग्रजांनी ही बेटं परत दिली, तीही अटी घालून: तटबंदी नको, मासेमारीपुरतीच बांधकामं करायची, बंदोबस्ताला फक्त ५० माणसं. याच करारात फ्रान्सला पाँडिचेरी, माहे, चंद्रनगर परत मिळाली आणि बंगालमध्ये तटबंदी किंवा फौज न ठेवण्याची अट पडली. म्हणजे दोन्हीकडे एकच धोरण: व्यापार करा, मासे धरा, पण शस्त्र उचलू नका. एवढा काटेकोर हिशेब करणाऱ्यांना विसरभोळे कसं म्हणायचं?

शिवाय बेटं तेव्हापासून सुखाने फ्रान्सकडे राहिली असंही नाही. १७७८मध्ये इंग्रजांनी घरं जाळली आणि रहिवाशांना फ्रान्सला पाठवून दिलं. त्यांत अकेडियन, म्हणजे पूर्व कॅनडात वसलेल्या फ्रेंचांची, कुटुंबंही होती, ज्यांच्या वाट्याला विस्थापन आधीच येऊन गेलं होतं. १७८३मध्ये बेटं परत मिळाली, १७९३मध्ये पुन्हा गेली. नेपोलियन पडल्यावरच ती कायमची फ्रान्सकडे आली. प्रत्येक वेळी माणसं परत येऊन नव्याने घरं बांधत राहिली. मला या इतिहासात सर्वांत मोठी गोष्ट हीच वाटते, आणि त्या मजकुरात नेमकी तिचाच पत्ता नाही.

"तस्करीवर उभी वस्ती." अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती. कॅनडाची व्हिस्की फ्रेंच हद्दीत कायदेशीरपणे उतरायची आणि तिथून अमेरिकेच्या किनाऱ्याकडे निघायची. पैसा आला हे खरंच. मासे सोडून लोक गोदामांत राबू लागले. पण बंदी उठताच सगळं एका झटक्यात बसलं आणि हातांना काम उरलं नाही. बास्क, ब्रेटन, नॉर्मन मच्छीमारांनी शतकानुशतकं कॉड खारवून, वाळवून ही वस्ती जगवली. तिची ओळख या दशकभराच्या तेजीवरून ठरवणं मला अन्यायाचं वाटतं.

"समुद्र कॅनडाचाच." नाही. १९९२च्या जूनमध्ये लवादाने फ्रान्सला बेटांभोवतीचा पट्टा आणि दक्षिणेकडे २०० सागरी मैलांपर्यंत जाणारी, पण फक्त साडेदहा मैल रुंद अशी चिंचोळी पट्टी दिली. मागणीच्या मानाने हे फारच थोडं, पण जे मिळालं ते फ्रान्सचंच. खरा घाव त्यानंतर काही आठवड्यांतच बसला. कॉड इतका आटला होता की कॅनडाने त्याच्या मासेमारीवर बंदी घातली, आणि बेटांचा मुख्य धंदाच खचला.

राहिलं "नावापुरती फ्रेंच". चलन युरो, पॅरिसच्या संसदेत स्वतःचा खासदार, आणि घड्याळ शेजारच्या न्यूफाउंडलंडच्या अर्धा तास पुढे. पण १९४१चा प्रसंग याहून बोलका आहे. बेटांचा कारभार तेव्हा जर्मनीशी जुळवून घेणाऱ्या व्हिशी सरकारच्या हाताखाली होता. २४ डिसेंबरला अ‍ॅडमिरल म्यूझलिए, जर्मनीविरुद्ध लढत राहिलेल्या द गॉलच्या 'स्वतंत्र फ्रान्स'च्या जहाजांसह, सेंट पिएरला उतरले आणि दुसऱ्याच दिवशी, नाताळात, सार्वमत घेतलं. वैध मतांपैकी जवळजवळ सगळी मतं स्वतंत्र फ्रान्सला पडली. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉर्डेल हल भडकले आणि कॅनडाने पूर्वस्थिती आणावी अशी अपेक्षा त्यांनी जाहीर केली. तसं काही झालं नाही. बेटं द गॉलच्याच बाजूला राहिली.