आल्फ्रेद कुठला?

माझा उजवा कल्ला डाव्यापेक्षा बोटभर वर गेला आहे आणि त्याला बॅटमॅन जबाबदार आहे. न्हाव्याला मी दोष देत नाही. म्हणजे देणार आहे, पण सवडीने.

रविवारची सकाळ, फोंड्याचा वरचा बाजार, नेहमीचं सलून. अंगात काळा टी-शर्ट, त्यावर पिवळ्या लंबगोलात वटवाघूळ. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात घेतला तेव्हा वटवाघूळ छातीवर होतं. आता ते पोटावर उतरलंय आणि तिथे ऐसपैस जागा मिळाल्याने आडवं पसरलंय. एरवी अंगावर न्हाव्याचं कापड असतं, त्यामुळे हा प्रकार चारचौघांच्या नजरेला पडत नाही. त्या दिवशी कापड धुऊन दोरीवर टाकलं होतं आणि पाऊस आला होता. गळ्याभोवती टॉवेल गुंडाळून काम भागवलं गेलं. समोर आरसा, आरशात मी, गालावर फेस, पोटावर वटवाघूळ. आणि मागच्या बाकावर आबा.

आबांच्या डोक्यावर एकही केस नाही आणि दाढी ते घरीच करतात. सलूनमध्ये येतात ते पेपर वाचायला. आधी निधनवार्ता आणि पुण्यस्मरणाच्या जाहिराती, मनातल्या मनात; मग उरलेलं जग, मोठ्याने. न्हाव्याशी कोंकणीत बोलतात, पण विषय गंभीर झाला की त्यांच्या पिढीतल्या आमच्याकडच्या अनेकांसारखे मराठीवर येतात. पेपर, पूजा आणि भांडण मराठीत. त्यामुळे त्यांनी पेपर खाली करून मराठीत तोंड उघडलं, तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला.

“ही कुठल्या पक्षाची निशाणी?”

“पक्षाची नाही, आबा. बॅटमॅनची.”

“म्हणजे अपक्ष.”

न्हावी हसला. वस्तरा माझ्या गालावर असताना हसला, हे नोंदवून ठेवतो.

“करतो काय हा?”

“रात्री शहरात फिरतो. गुन्हेगारांना पकडतो.”

“शक्ती कुठली? उडतो?”

“उडत नाही. शक्ती अशी काही नाही. श्रीमंत आहे.”

हे उत्तर देताना मला कायमच जरा ओशाळायला होतं. सुपरमॅन गोळी छातीवर झेलतो, स्पायडरमॅन भिंतीवर चढतो आणि आमच्या माणसाकडे 1939 पासून काय, तर पैसा.

“पैसा कुठला? धंद्यातला?”

“आईवडिलांचा. दोघांना चोराने गोळ्या घातल्या. सिनेमा बघून येत होते.”

“रात्रीच्या शोला गेले कशाला?” आबांनी मान हलवली. “आणि घरदार?”

“मोठी हवेली आहे. शहराबाहेर.”

“म्हणजे भाटकार.”

भाटकार म्हणजे आमच्याकडचा जमीनदार. नाही म्हणणार होतो. पण म्हणू काय? वाडवडिलांचं अवाढव्य घर, त्यातल्या निम्म्या खोल्या बंद, मालकाचं लग्न नाही, दिवसभर झोपतो, रात्री कुठे जातो ते कुणाला ठाऊक नाही. असली घरं फोंडा तालुक्यात मीही पाहिलेली आहेत.

“एकटाच राहतो?”

“एक जुना नोकर आहे. आल्फ्रेड.”

“आल्फ्रेद!” आबा उभे राहिले. पेपर घसरून खाली पडला, तो त्यांनी उचललासुद्धा नाही. “कुठला?”

“इंग्रज आहे, आबा.”

“नाव इंग्रजाचं असेल. माणूस कुठला? साश्टीतला?”

“आल्फ्रेद म्हणजे तो बोटीर होतो तो?” न्हाव्याने विचारलं. हा मूळचा कुडाळकडचा, पण इतकी वर्षं फोंड्यात काढलीत की बोटीवर गेलेला प्रत्येक माणूस त्याला ठाऊक असतो.

“बोटीवरचा तो लॉरेन्स,” आबांनी त्याला गप्प केलं आणि माझ्याकडे वळले. “स्वयंपाक कोण करतो?”

“आल्फ्रेड.”

“इस्त्री?”

“आल्फ्रेडच.”

“आणि मालक पहाटे रक्तबंबाळ होऊन आला की?”

“टाके तोच घालतो.”

“बाहेर कुणाला सांगत नाही?”

“नाही.”

“पगार वाढवून मागत नाही?”

“कधी ऐकलं नाही.”

“गोंयकार,” आबांनी निकाल दिला. “अरे, मुंबईत साहेबांच्या घरी कुक आणि बटलर आमचेच असायचे. धोबीतलावला गावागावाचे कूड कशासाठी होते? बोट मिळेपर्यंत, नोकरी मिळेपर्यंत तिथे राहायचं. याच्या गावाचाही कूड असणारच. आडनाव काय?”

“पेनीवर्थ.”

“बदललंय. परेरा असणार. मुलं इंग्लंडात स्विंडनला असतील.”

आता यावर काय बोलावं? 1943 पासून हा माणूस त्या हवेलीत चहाचा ट्रे घेऊन उभा आहे. मी त्याच्याबद्दल वाचलंय, त्याला पडद्यावर वेगवेगळ्या नटांच्या रूपात पाहिलंय, पण त्याचं गाव कुठलं आणि त्याच्या मुलांचं काय झालं, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. मला या गोष्टीचा राग आला. आबांना बॅटमॅन माहीत नाही याचा नाही. ज्या विषयात मी इतकी वर्षं घालवली, त्यात हा टकला माणूस वस्तऱ्याच्या दोन फेऱ्यांत माझ्या पुढे गेला याचा.

मग न्हाव्याला व्यवसायाच्या अंगाने शंका आल्या. बॅटमॅनचा मुखवटा कसा असतो ते मी समजावलं. डोकं, कान, डोळे, नाक, सगळं झाकलेलं.

“आणि दाढी उघडी?”

“हो. हनवटी उघडी.”

“मगे काय उपयोग? हनवटी बघून मी सांगान कोण तो. मुखवटो कित्याक?”

सुपरमॅनचं तर त्याने ऐकूनच घेतलं नाही. चष्मा काढला आणि केसांची एक बट कपाळावर सोडली की क्लार्क केंट कुणालाच ओळखू येत नाही, हे 1938 पासून अख्ख्या जगाने मुकाट्याने मान्य केलंय. न्हाव्याने मात्र माझ्या टाळूवर बोट ठेवलं. “केस खंयच्याय बाजून फिरव. भोवरो थंयच ऱ्हवता.” त्या शहरात एखादा न्हावी असता तर पहिल्याच आठवड्यात भांडं फुटलं असतं. त्याच्या मते आजवर वेष बदलून दाखवला तो फक्त शक्तिमानने. 1997 साली दूरदर्शनवर गंगाधर दात पुढे काढून यायचा, तेव्हा निदान मेहनत दिसायची.

हे बोलताना त्याचा हात थांबत नव्हता. कल्ला तेव्हाच गेला.

“आणि पकडतो ते चोर?” आबांना आता पुढचं हवं होतं. “त्यांचं काय होतं?”

“जोकर नावाचा एक आहे. त्याला दर वेळी वेड्यांच्या इस्पितळात टाकतात.”

“आणि?”

“दर वेळी सुटतो.”

“वकील चांगला असणार.”

मल्टिवर्सच्या भानगडीत मी पडायला नको होतं, पण तिथे तरी आबा अडखळतील असं वाटलं. एकाच नावाचा माणूस निरनिराळ्या विश्वांत निरनिराळा असतो, एका विश्वात खलनायक तर दुसऱ्यात नायक. 2021 च्या एका चित्रपटात तर तीन स्पायडरमॅन एकत्र आले, असं सांगितलं. पुण्यामुंबईच्या माझ्या शिकल्यासवरलेल्या मित्रांना हे समजवताना मला कागदावर आकृत्या काढाव्या लागल्या आहेत. आबा म्हणाले, “त्यात काय? आमच्याकडे 2019 मध्ये दहा आमदार त्या विश्वातून या विश्वात आले. 2022 मध्ये आठ. नाव तेच, गाडी तीच.”

जोकरवरून आठवलं ते सांगतोच, कारण हे मला बरीच वर्षं खुपतंय. जोकरची भूमिका करून दोन नटांनी ऑस्कर नेलं. हीथ लेजरला 2009 मध्ये मरणोत्तर मिळालं, वॉकीन फिनिक्सला 2020 मध्ये. बॅटमॅन करणाऱ्या एकालाही त्या भूमिकेसाठी ते मिळालेलं नाही. बाहेरच्यांना याचं नवल वाटतं. गोव्यातल्या माणसाला वाटू नये. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री आमच्याकडे कुठल्याही वाड्यावर जा. नरकासुर विजेच्या तारांना टेकेल एवढा उंच, डोळ्यांत लाल दिवे, यंत्राने हलणारे हात, बाजूला छातीत धडकी भरवणारा डीजे. पोरांनी त्यासाठी महिनाभर झोप काढलेली नसते. वर्गणी, लाकूड, गवत, कागद, रंग, सगळा खर्च त्याच्यावर. आणि त्याला मारणारा कृष्ण? कोपऱ्यात निळा रंग फासलेलं एखादं पोर, मुकुट कानावर घसरलेला, पहाटेचे चार वाजलेले, आईच्या खांद्यावर पेंगतंय. बक्षीस नरकासुराला.

मजा म्हणजे त्या रात्री जागणारे, सांगाडा बांधताना भांडणारे, नरकासुराच्या नखांना कुठला रंग द्यावा यावर अबोला धरणारे लोकच मला विचारतात, “आता वय झालं, अजून कार्टून बघतोस?” वर्ल्ड कप आला की घरावर ब्राझीलचा झेंडा लावणारा माझा एक चुलतभाऊ आहे. त्याला ब्राझील नकाशात दाखवता येणार नाही, पण तिथला कोणी पेनल्टी चुकला की हा दोन दिवस जेवत नाही. तो रसिक. मी पोरकट.

असो. आबा बसले, पेपर उचलला आणि एकदम म्हणाले, “आमच्या वाड्यावर आहे की एक.”

“काय?”

“रात्री फिरणारा. राखणदार.”

हे त्यांनी ज्या सुरात सांगितलं, त्या सुरात माणूस शेजारी राहणाऱ्या तलाठ्याबद्दल सांगतो. खांद्यावर कांबळं, हातात घुंगुरकाठी, पायात वहाणा. गावची शीव रात्रभर फिरतो. वेताळाचंही तेच, चालून चालून झिजतात म्हणून त्याला चामड्याच्या नव्या वहाणा वाहतात. (बॅटमॅनच्या बुटांचा विचार कोणी केलाय? मीही नाही.) मुखवटा नाही, गाडी नाही, हवेली नाही. वर्षाकाठी एक रोट, थोडी दारू, विडी आणि गाऱ्हाणं. तिकीट नाही आणि मध्यंतरात सोन्याच्या भावाचं पॉपकॉर्नही नाही.

“पाहिलाय तुम्ही?” मी विचारलं.

“त्याला बघायचं नसतं. काठीचा आवाज आला की कूस बदलायची.”

“येतो आवाज?”

आबा थोडा वेळ काही बोलले नाहीत. “यायचा. पलीकडचा डोंगर कापला. प्लॉट पाडलेत, फाटक बसवलंय. त्याची वाट तिथूनच होती.”

“आता जेसीबीचो आवाज येता,” न्हावी म्हणाला आणि या वेळी तो हसला नाही.

खरं तर मला इथे विनोद करायचा होता, पण सुचला नाही. आबांच्या भावकीने सह्या केल्या तेव्हा आकडा मोठा वाटला होता. आज त्या पैशात त्याच डोंगरावरच्या बंगल्याचं न्हाणीघरसुद्धा मिळणार नाही. मी त्यांना सुपरमॅनची गोष्ट सांगितली, सिनेमातली नव्हे, कागदावरची. क्लीव्हलँडची दोन पोरं, जेरी सीगल आणि जो शूस्टर. 1938 साली त्यांनी सुपरमॅनचे सगळे हक्क 130 डॉलरला लिहून दिले. पुढे त्यावर कंपन्या गबर झाल्या. हे दोघे कोर्टाच्या पायऱ्या चढत म्हातारे झाले, तेव्हा कुठे 1975 मध्ये त्यांना वर्षाला थोडी पेन्शन मिळाली आणि नाव छापलं गेलं.

“सही करताना कोणी वाचून दाखवलं नसेल,” आबा म्हणाले.

“असेल.”

“आम्हाला दाखवलं होतं. इंग्रजीत.”

यावर सलूनमध्ये कोणी काही बोललं नाही, आणि तेवढ्यात कोपऱ्यातला मुलगा उठला. तो तिथे आहे हे मी विसरूनच गेलो होतो. कानात इयरफोन, हातात मोबाइल, कॉलेजात जाणारा असावा. आपला नंबर लवकर लागत नाही असं बघून निघाला होता. दारात थांबला, इयरफोन काढला आणि माझ्या पोटाकडे बघून अतिशय प्रेमाने म्हणाला, “अंकल, मस्त टी-शर्ट! मार्व्हल ना?”

आबांनी अपक्ष म्हटलेलं मी गिळलं. भाटकार गिळला, परेरा गिळला. पण या पोराकडे दिवसाला दोन जीबी डेटा आहे. याला मार्व्हल आणि बॅटमॅनवाली डीसी या दोन कंपन्यांतला फरक कळत नसेल, तर मी कुणाच्या तोंडाकडे बघायचं? आणि अंकल?

न्हाव्याचा वस्तरा नेमका घाटीवर होता. त्याने कपाळाला हात लावून माझं डोकं मागे दाबलं. मी जमेल तेवढ्या जोरात “डी” म्हणालो. पुढचं अक्षर फेसात गेलं. मुलगा अंगठा दाखवून पायऱ्या उतरला.

“डी?” आबांनी पुन्हा पेपर खाली केला. “म्हणजे तो दुबईवाला?”